थंडीतली मोटार

मुलांनो, हिवाळ्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली तुम्ही उलटी करून पाहिली आहे का? तेल खाली येत नाही. मग आई ती बाटली उन्हात ठेवते आणि तेल पुन्हा पातळ होते. आपल्याला याची गंमत वाटते. लडाखमधल्या मोटारचालकांना मात्र याच गोष्टीची फार काळजी असते.

श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर द्रास नावाचे गाव आहे. ते सुमारे ३२०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील तापमान शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरते. अशा ठिकाणी रात्रभर मोटार उघड्यावर राहिली, तर काय होईल?

प्रथम पाण्याचा विचार करा. चालू इंजिन फार तापते. ते थंड ठेवण्यासाठी त्याच्यामधून पाणी फिरवतात. तापलेले पाणी रेडिएटरमध्ये निवते. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र फुगते. त्याचा जोर एवढा असतो, की लोखंडी इंजिनालाही तडा जातो. एका रात्रीत हजारो रुपयांचे नुकसान! म्हणून पाण्यात ग्लायकॉल नावाचा द्रव मिसळतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असेल, तर ते शून्याखाली ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. बाजारात याला कूलंट म्हणतात. ते चवीला गोडसर असते, पण विषारी असते. त्याचा डबा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मांजर-कुत्र्यांनाही त्यापासून दूर ठेवा.

डिझेलची गोष्ट आपल्या खोबरेल तेलासारखीच आहे. डिझेलमध्ये थोडे मेण असते. कडाक्याच्या थंडीत त्या मेणाचे कण होतात, गाळणी तुंबते आणि इंजिन सुरू होत नाही. मग काही चालक टाकीखाली जाळ करत. केवढा हा धोका! २०१९ साली इंडियन ऑइलने लडाखसाठी खास डिझेल आणले. ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहते राहते.

थंडीत बॅटरीचा जोरही कमी होतो. तिच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली असेल, तर हिवाळ्यापूर्वीच ती साफ करून घ्यावी. टायरमधली हवा आकसते, म्हणून हवाही तपासावी. रात्री हातब्रेक ओढून ठेवला, तर तो गोठून अडकतो. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात. काचेवर बर्फ साचले, तर घाईने उकळते पाणी ओतू नका. काच तडकेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बर्फात अडकलेले लोक काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून ऊब घेतात. अशा वेळी धूर सोडणारी मागची नळी बर्फाने बुजली, तर विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. माणसाला झोप येते आणि तो पुन्हा उठत नाही. म्हणून नळीसमोरचे बर्फ सतत काढावे लागते आणि एक काच थोडी उघडी ठेवावी लागते. डोके दुखू लागले, की ताबडतोब इंजिन बंद करून बाहेर यायचे. बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली, तर आपल्या गावातही हाच धोका असतो.

शब्दार्थ
आकसणे – लहान होणे. तडा – भेग. निवणे – थंड होणे. तुंबणे – अडून भरणे. बुजणे – बंद होणे.

स्वाध्याय
१. गोठलेल्या पाण्याने इंजिनाला तडा का जातो?
२. डिझेलची गाळणी कशामुळे तुंबते?
३. तुमच्या गावातील मोटार-मिस्त्रीला भेटा. पावसाळ्यापूर्वी गाडीची कोणती कामे करतात, ते विचारून पाच वाक्ये लिहा.