शेत विकून एआय नको

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की माझा फोन थांबत नाही. ‘सर, कॉम्प्युटर हुकलं, टेक्स्टाइल लागलंय. मॅनेजमेंट कोट्यातून एआय घेऊ का?’ गेल्या आठवड्यात एक वडील शेत विकायच्या तयारीनं आले. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली. तिला काय आवडतं, असं मी तिला विचारलं, तर उत्तरही वडिलांनीच दिलं.

कोडिंगची खरी ओढ असेल तर कॉम्प्युटरला जरूर जा. पण ‘कापड म्हणजे गिरणी, आणि गिरण्या तर बंद पडल्या’ असं धरून बसलेल्या पालकांना माझं स्पष्ट सांगणं आहे: तुमची माहिती जुनी झाली.

इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठानं 2022 मध्ये उन्हावर वीज देणारं कापड तयार केलं. 51 बाय 27 सेंटिमीटरचा तुकडा, त्यात 1,200 सौरघट. एकेक घट 5 मिलिमीटर लांब, दीड मिलिमीटर रुंद, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. घट रेझिनमध्ये बंद केलेले, म्हणून कापड मशीनमध्ये धुता येतं. कडक उन्हात सुमारे 335 मिलिवॅट वीज मिळते. स्मार्ट घड्याळाला ती पुरते, फोन मात्र सावकाश भरतो.

यातलं खरं कठीण काम धाग्याचं आहे. कोपरापाशी हजारदा दुमडूनही तार तुटू नये, घाम आणि साबणाचं पाणी आत शिरू नये, विणताना ताण बेताचा राहावा आणि एवढं करून कापड अंगाला टोचू नये. एकट्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हे जमत नाही. ताणा-बाणा कळणारा माणूस सोबत लागतोच.

खोटी आशा मी दाखवणार नाही. वीज देणारं कापड हे अजून संशोधनाचं क्षेत्र आहे, बी.टेक.वर थांबून चालणार नाही. पण एअरबॅगचं कापड, जखमेच्या पट्ट्या, शेतातलं शेडनेट हेही टेक्स्टाइलच. अशा तांत्रिक कापडासाठी केंद्रानं 2020 मध्ये 1,480 कोटींचं मिशन मंजूर केलं. शिकायला मुंबईत व्हीजेटीआय, इचलकरंजीत डीकेटीई, नांदेडला एसजीजीएस आहे.

त्या वडिलांना मी म्हटलं, शेत राहू द्या. पुढच्या राउंडचा फॉर्म भरण्याआधी लेकीला एक दिवस इचलकरंजीला न्या, चालू मागापाशी उभी करा. तिला विचारू द्या, हात लावून बघू द्या. तुम्ही तेवढा वेळ बाहेर चहा प्या.