तिसरं सील आणण्याआधी

मालवण

चि. बाळास,


परवा फोनवर म्हणालास, "नवीन सील घातलं, तरी पंधरा दिवसांत गिअरचं तेल परत दुधाळ झालं." मालक घाई करतोय म्हणून तिसरं सील आणायला निघालास. ते आणू नकोस. आधी एवढं वाच.

हीच चूक मी केली आहे. पॅरासेलिंगच्या एका बोटीच्या पंख्याच्या शाफ्टचं सील मी एका हंगामात तीनदा बदललं. दर वेळी तेल दुधाच्या चहासारखं बाहेर यायचं. शेवटी शाफ्ट काढला, उन्हात धरला आणि त्यावरून नख फिरवलं. सीलची कड टेकते नेमक्या त्याच जागी नख अडलं. केसाएवढी चर पडली होती आणि चरीत टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. कधीतरी पंख्यामागे तंगूस गुंडाळला गेला होता. त्याने आधीचं सील कापलं, पाणी आत शिरलं आणि कडेखाली साचून राहिलेल्या खाऱ्या पाण्याने स्टीलसुद्धा खाल्लं. अशा शाफ्टवर सोन्याचं सील बसवलं तरी गळणारच. म्हणून सांगतो, गळती आणि खार हे दोन आजार समजू नकोस. गळतीची जागा सापडली की तिथे खाराने काय खाल्लंय ते बघ, मगच नवा भाग बसव.

आता तुझ्या बोटीचं. रात्रभर ती हलवू नकोस. सकाळी बोटीच्या मागचा ड्राइव्ह सरळ खाली ठेवून खालचा प्लग सावकाश सैल कर. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे साचलेलं पाणी आधी येतं. पहिली धार काचेच्या बाटलीत धर. प्लगच्या चुंबकाला पिठासारखी बारीक काळी भुकटी असेल तर घाबरू नकोस. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गिअर उघडावा लागेल.

मग ड्राइव्ह रिकामा करून हवेचा दाब दे, मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढाच. सांध्यांवर साबणाचं पाणी लाव आणि बुडबुडे कुठे येतात ते बघ. बहुतेक जण इथे थांबतात, तू थांबू नकोस. आतून दाब आला की सीलची कड शाफ्टला आणखी चिकटते आणि गळती लपते. म्हणून पंपाने हवा ओढूनही बघ, काटा जागेवर टिकतो का ते. ओ-रिंगच्या खाचेत पांढरी भुकटी साचली असेल तर ती रिंगला उचलून धरते. खाच लाकडी काडीने साफ कर, स्क्रू-ड्रायव्हर लावू नकोस. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की पुढची गळती आपणच करून ठेवतो.

बोट आणि ड्राइव्ह यांच्यामधल्या रबरी बेलोजच्या घड्या ड्राइव्ह वर उचलून, टॉर्च मारून, एकेक फाकवून बघ. चीर घडीच्या तळाशी असते. वळताना घरघर ऐकू आली तर आतल्या बेअरिंगपर्यंत बहुधा पाणी पोचलंय. बेलोज मात्र शंका आली तरी बदलायचं. पंख्याचं सील गेलं तर गिअर जातो. बेलोज गेलं तर नांगरलेली बोट रात्रीत बुडू शकते.

खाराचं मूळ बहुधा याच्याही बाहेर असतं. ड्राइव्हचं अंग ॲल्युमिनियमचं, पंखा स्टेनलेसचा, मध्ये समुद्र: हा एक सेलच झाला आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. ती झीज अंगावर घ्यायला झिंक लावतात. ते अर्धं संपलं की बदल आणि त्यावर रंगाचा हात कधीही फिरवू नकोस. बसवण्याआधी खालची जागा घासून चकचकीत कर, धातूला धातू लागला नाही तर ते नुसतं लटकत राहतं. कर्लीच्या खाडीत गोडं पाणी मिसळतं, तिथे झिंकवर थर धरून ते मंदावतं. तिथल्या बोटींना झिंकऐवजी ॲल्युमिनियमचे बार लाव. होडीच्या तळाला लावतात तो तांब्याचा रंग ड्राइव्हला लावू देऊ नकोस, कितीही स्वस्त मिळाला तरी.

हे सगळं ठीक असूनही आठ-पंधरा दिवसांत ड्राइव्हचा रंग फुगून खाली खड्डे दिसले तर बॅटरीच्या वायरी तपास. तळाच्या पाण्यात भिजलेला पंपाचा जोड मी स्वतः पाहिलाय. बारीकसा करंट ड्राइव्हवाटे समुद्रात जात होता आणि ड्राइव्ह साबणाच्या वडीसारखा झिजत होता. चांदीचा रेफरन्स इलेक्ट्रोड पाण्यात सोडून त्याच्या आणि ड्राइव्हच्या मध्ये मल्टीमीटर लाव. बोट पाण्यात थोडा वेळ स्थिर राहिल्यावर उणे 900 ते उणे 1100 मिलिव्होल्टच्या आसपास आकडा आला तर ड्राइव्ह सांभाळला जातोय. मग एकेक स्विच चालू-बंद कर. ज्या स्विचला आकडा उडी मारेल, तीच वायर.

मालकाला दोन दिवस मागून घे. तो रागावला तर माझं नाव सांग, मी बोलेन त्याच्याशी.

शाफ्ट काढलास की पुसण्याआधी सील टेकते त्या जागेचा उन्हात जवळून फोटो काढून पाठव. आणि तेलाची ती बाटली ओतून टाकू नकोस. रविवारी मी येतोय, तेव्हा बघू.

तुझा,
मामा