गोळ्यांची अतिमात्रा व वांतीचा बंदोबस्त

द्राक्षबागांच्या छाटणीचे वा कांदालागवडीचे दिवस आले म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यांत अंगदुखीवर व तापावर पॅरासिटामॉलची गोळी घरोघर घेतली जाते. निरोगी प्रौढ माणसास २४ तासांत तिची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, एवढीच आहे. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतहि हेंच द्रव्य असतें. तेंहि हिशेबांत धरावें. नकळत किंवा मनस्तापाच्या भरांत ही मर्यादा ओलांडली गेल्यास काय करावें, हें प्रत्येक कुटुंबास आधींच ठाऊक असलें पाहिजे.

पहिली चूक अशी कीं, घरचीं माणसें मिठाचें पाणी पाजून किंवा घशांत बोटें घालून वांती करवितात. त्यानें औषध पुरतें निघत नाहीं. उलट अति मिठानें जिवास अपाय होतो, आणि रोगी गुंगींत असल्यास वांती श्वासनळींत शिरते. फवारणीचें औषध पोटांत गेल्यासहि वांती करवूं नये. ती आपोआप झाल्यास रोग्यास डाव्या कुशीवर निजवावें व तोंड स्वच्छ करावें.

दुसरी चूक अधिक घातक आहे. पहिल्या दिवशीं मळमळ व वांती होते, किंवा कांहींच होत नाहीं. पुढें वांती थांबते, रोग्यास हुशारी वाटते आणि घरचे म्हणतात, विष पडून गेलें. परंतु यकृताची हानि त्याच वेळीं आंतून चालू असते. कावीळ दिसूं लागते ती दोन-तीन दिवसांनीं.

या विषावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो ८ तासांच्या आंत मिळाल्यास यकृत बहुधा वांचतें. उशीर झाला तरीहि तो उपयोगी पडतो. मात्र तोंडानें दिल्यास त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो व रोगी तो ओकून टाकतो. म्हणून डॉक्टर आधीं ऑन्डान्सेट्रॉनसारखें वांति थांबविणारें औषध देतात. उताऱ्याची मात्रा तासाभरांत ओकली गेल्यास ती पुन्हां देतात, आणि पोटांत ठरतच नसल्यास उतारा शिरेंतून देतात.

सारांश, वांती करविणें कोणाचेंच काम नव्हे. थांबविणें हें डॉक्टरांचें काम, आणि वेळ गांठणें हें आपलें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, गोळ्यांचें पाकीट बरोबर घ्यावें, गोळ्या घेतल्याची वेळ लिहून न्यावी. रोग्यास रागें भरूं नये. मायेनें विचारल्यासच तो खरी संख्या सांगतो.