सर्वानुमते, एकमताने आणि 'एका मताने'



सातवीच्या वर्गात मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली.

सरपंच एकमताने निवडून आले.
सरपंच एका मताने निवडून आले.

"सर, दोन्ही सारखीच ना?" नाही हो! पहिल्यात सगळा गाव पाठीशी आहे, दुसऱ्यात जवळजवळ अर्धा गाव विरोधात. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकार पडलं ते २६९ विरुद्ध २७० असं, म्हणजे एका मताने. हे उदाहरण सांगितलं की मुलं पुन्हा चुकत नाहीत (बहुतेक!).

आता 'सर्वानुमते'. सर्व + अनुमत, अ + अ = आ. 'नु' ऱ्हस्व, आणि 'र्वा'वर अनुस्वार नाही. अनुमत म्हणजे मान्य असलेलं. 'बिनविरोध' मात्र वेगळा. एका जागेला एकच अर्ज उरला की निवड बिनविरोध होते. तिथे कोणी मत दिलेलंच नसतं.

आपल्या मालवणी मुलुखात उदाहरणं शोधायला लांब जायला नको. गाऱ्हाणं घालणारा एक, आणि "व्हय म्हाराजा" म्हणणारे सगळे. आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहतो, जातधर्म न बघता. इथे बहुमताचं काम नाही. गाव रिकामं व्हायला शेवटच्या घरालाही कडी लागावी लागते.

पण "व्हय" म्हणणाऱ्यांच्या आवाजात कोण गप्प होतं ते कळत नाही. ही माझीच चूक सांगतो. पालकसभेत सहलीच्या वर्गणीचा विषय होता. "सगळ्यांना मान्य?" असं मी विचारलं. पुढचे चार-पाच जण "व्हय, व्हय" म्हणाले आणि मी इतिवृत्तात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. मागे बसलेली एक आई काहीच बोलली नव्हती. तिचा मुलगा सहलीला आलाच नाही. नंतर फाटकाशी भेटली तेव्हा म्हणाली, "माका कोणी इचारल्यान खंय, गुरुजी?"

सही झालेलं इतिवृत्त तसंच राहिलं. आता मी नाव घेऊन एकेकाला विचारतो, वेळ गेला तरी चालेल.

वर्गात हा उपक्रम घेऊन बघा. मुलांना एखादा खरा निर्णय घेऊ द्या आणि इतिवृत्त त्यांनाच लिहायला सांगा. सर्वानुमते, बहुमताने की बिनविरोध? गप्प बसलेल्या मुलीला कुठे मोजायचं, यावर माझ्या वर्गात अख्खा तास गेला.