हेरेसच्या कोठ्या व पांढरी जमीन

स्पेनच्या दक्षिणेस कादिझ बंदरांत सागरसफरीचीं जहाजें दिवसभर थांबतात, व उतारू आगगाडीनें हेरेस गांवीं शेरी मद्याच्या कोठ्या पाहावयास जातात. आम्हीही गेलों. कोठीचें छप्पर उंच, भिंती जाड. जमिनीवर वाळू पसरून उन्हाळ्यांत तीवर पाणी शिंपडतात. पिंपें थरांनीं रचलेलीं असतात. विक्रीचें मद्य तळच्या, सर्वांत जुन्या थरांतून थोडेंच काढावयाचें. जितकें काढलें तितकें वरच्या थरांतून भरावयाचें. विरजणाप्रमाणें जुन्याचा अंश नव्यांत सदैव राहतो.

परंतु शेतकऱ्यानें पाहण्यासारखें आहे तें कोठीबाहेर. आल्बारिसा नांवाची तेथील उत्तम जमीन खडूसारखी पांढरी आहे. चुनखड म्हटली कीं आपण नाक मुरडतों! पाऊस बहुतेक हिवाळ्यांत, उन्हाळा कोरडा, आणि बहुतेक मळ्यांस पाटाचें पाणी नाहीं. म्हणून तोडणीनंतर दोन ओळींमध्यें चौकोनी खाचे खणून पाणी जागींच जिरवितात. वसंतऋतूंत खाचे बुजवून रान सपाट करितात. उन्हानें वरचा थर आवळतो व खालची ओल टिकते.

१८९४ सालीं मुळें खाणारी फिलॉक्सेरा कीड येऊन हे मळे बसले. पुढें अमेरिकन खुंटावर कलमें बांधून ते उभे केले. मात्र खुंट चुना सोसणाराच लागतो. आपल्याकडील बागाईतदारांनीं डॉगरिज खुंट घेतला तो मुख्यतः क्षार व पाण्याची टंचाई यांकरितां. चुनखडीच्या रानांत खुंट घेण्यापूर्वीं माती तपासून तींतील चुन्याचें प्रमाण समजून घ्यावें.