नकाशातली गल्ली आणि नवखा सोबती

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. तुमच्या घरचा पत्ता सांगा. पण अट अशी, की ज्याने तुमचे गाव कधीच पाहिलेले नाही, अशा माणसाला कोणालाही न विचारता तुमच्या दारापर्यंत येता आले पाहिजे.

निगडी प्राधिकरणात राहणारा विद्यार्थी चटकन सांगेल, "अमुक सेक्टर, तमुक प्लॉट." पण चाकणजवळ खराबवाडी, महाळुंगे किंवा निघोजे येथे भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी काय सांगेल? "कमानीतून आत या. पिठाच्या गिरणीपासून डावीकडे वळा. पाण्याच्या टाकीमागे पत्र्याच्या खोल्यांची तिसरी रांग."

गावातल्या माणसाला हा पत्ता पुरतो. आता समजा, रात्री दोन वाजता त्या खोलीत कोणाच्या तरी छातीत दुखू लागले आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली. चालक परगावचा आहे. गिरणी बंद आहे. टाकी अंधारात दिसत नाही. फोनवरच्या नकाशात रस्ता कमानीपाशी संपतो आणि पुढे नुसती कोरी जागा आहे. अशा वेळी दहा मिनिटे वाया जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

ही कोरी जागा कोण भरणार? उत्तर आहे : तुम्ही. ती कशी भरायची, आणि या कामात आलेल्या नव्या सोबत्याला कसे सांभाळायचे, हे आज पाहू या.

जागा कोरी का राहिली?

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड या भागात कारखाने वाढले. १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये आसपासची आणखी गावे महापालिकेत आली. मग उद्योग पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे सरकले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि त्या सुमारास इतरही मोठे कारखाने तेथे आले. कारखान्यांमागोमाग मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून कामगार आले.

कारखान्यांचे रस्ते आखून बांधले गेले. कामगारांच्या खोल्या मात्र जेथे जागा मिळाली तेथे उभ्या राहिल्या. काल जेथे बैलगाडीची पाणंद होती, तेथे आज गल्ली आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देशाचे नकाशे करीत आला आहे व त्याचे काम अत्यंत काटेकोर असते. पण सहा महिन्यांत उभी राहणारी खोल्यांची रांग लगेच टिपणे कोणत्याही एका खात्याला जमणारे नाही. ते जमते फक्त तेथे राहणाऱ्याला.

सर्वांनी मिळून केलेला नकाशा

२००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा उपक्रम सुरू केला. हा जगाचा नकाशा आहे आणि तो सर्वांना खुला आहे. कोणीही नाव नोंदवावे आणि आपल्या भागातली माहिती भरावी. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात मोठा भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून पोर्तो-प्रिन्स या राजधानीचा नकाशा थोड्याच दिवसांत भरून काढला. मदतपथकांना त्याचा मोठा उपयोग झाला.

आपल्याकडचे एक उदाहरण पहा. पुण्यातील 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था १९९० च्या दशकापासून वस्त्यांमधल्या लोकांना बरोबर घेऊन घराघराची माहिती नकाशावर मांडत आली आहे. पिंपरी-चिंचवडमध्येही तिने काम केले आहे. कोणत्या घरात शौचालय नाही आणि मलवाहिनी कोठून जाते, या दोन गोष्टी एकाच नकाशावर आल्या, की कोणत्या घराला शौचालय बांधून देता येईल हे लगेच कळते. नकाशा हे केवळ चित्र नसून कामाचे साधन आहे, ते असे.

बिंदू, रेषा आणि चिठ्ठी

खुल्या नकाशाची घडण सोपी आहे. त्यात मुख्यतः बिंदू असतात व बिंदू जोडून केलेल्या रेषा असतात. पाण्याचा नळ हा एक बिंदू. गल्ली ही रेषा. रेषेचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला जोडले, की इमारतीचा किंवा तळ्याचा आकार होतो. अनेक रेषा एकत्र करून बसमार्गासारखा संचही बांधता येतो. प्रत्येक गोष्टीला माहितीची चिठ्ठी लावायची : हा रस्ता वस्तीतला आहे, एकेरी आहे, त्याचे नाव हे. नाव मराठीतही लिहिता येते.

बिंदूची जागा अक्षांश-रेखांशांनी ठरते. चाकण सुमारे १८.७६ अंश उत्तर अक्षांशावर व ७३.८६ अंश पूर्व रेखांशावर आहे. एक अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. मग एका अंशाचा शंभरावा भाग म्हणजे १.१ किलोमीटर आणि एक लक्षांश भाग म्हणजे सुमारे १.१ मीटर. म्हणजेच, एक खोली नेमकी दाखवायची तर दशांशचिन्हानंतर पाच आकडे हवेत! रेखांशांतले अंतर मात्र ध्रुवांकडे जाताना कमी होते. चाकणच्या अक्षांशावर एक रेखांश सुमारे १०५ किलोमीटर भरतो.

तुम्ही म्हणाल, फोन तर पाचच काय, सात आकडे दाखवतो. खरे आहे. पण आकडे जास्त म्हणून अचूकता जास्त, असे होत नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक सुमारे पाच मीटर असते. उंच इमारतींच्या मध्ये किंवा पत्र्याच्या शेडजवळ उपग्रहाचा संदेश आपटून वळून येतो आणि चूक आणखी वाढते. म्हणून एकाच जागेची नोंद निरनिराळ्या दिवशी घ्यावी व सरासरी काढावी. उपग्रहचित्रावरही ताडून पहावी.

चित्राला काय दिसत नाही?

उपग्रहचित्रात भोसरी किंवा चाकणचा भाग पाहिला, तर निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची छपरे दिसतात. त्यांतले कोणते छप्पर कारखान्याच्या गाळ्याचे, कोणते गोदामाचे आणि कोणत्या छपराखाली वीस कुटुंबे राहतात? चित्र हे सांगत नाही. गल्लीचे नाव सांगत नाही. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते का, तिच्यातून रुग्णवाहिका जाईल की फक्त मोटारसायकल, हेही सांगत नाही. हे सांगू शकतो तो तेथे रोज चालणारा माणूस.

आणि येथे एक गंमत आहे. गावात जन्मलेल्याला नावे माहीत असतात. पण वाट कोठे चुकते, हे त्याला ठाऊक नसते, कारण तो कधी चुकलेलाच नसतो. गेल्या महिन्यात परभणीहून आलेल्या मुलाला मात्र ते अचूक ठाऊक असते. म्हणून नकाशाच्या कामात एक जुना रहिवासी आणि एक नवा, अशी जोडी सर्वांत उत्तम.

नवख्याची पहिली चूक

आता मुख्य मुद्दा. समजा, नववीतल्या एका विद्यार्थिनीने शिक्षकांच्या देखरेखीखाली आपल्या खोल्यांपुढची गल्ली नकाशात भरली. लांबी पावलांनी मोजली, नाव आजूबाजूला विचारून लिहिले. नकाशा पाहिला तर गल्ली मुख्य रस्त्याला छान जाऊन मिळालेली. तिला आनंद झाला. पण मार्ग शोधणारे यंत्र मात्र त्या गल्लीत शिरायला तयार नाही!

का बरे? आपण चित्र पाहतो, यंत्र बिंदूंची यादी वाचते. दोन रेषांमध्ये एखादा बिंदू सामाईक असेल, तरच यंत्राच्या लेखी तेथे वळण आहे. विद्यार्थिनीच्या रेषेचे टोक मुख्य रस्त्यापासून अर्ध्या मीटरवर थांबले होते. डोळ्याला ती फट दिसत नाही. यंत्राला मात्र तेथे रस्ताच दिसत नाही. रुग्णवाहिका पुन्हा कमानीपाशीच थांबणार.

उलट प्रकारची चूकही होते. नाशिक फाट्याच्या दुमजली उड्डाणपुलावर रेषा एकमेकींवरून जातात, पण वरचा रस्ता खालच्या रस्त्याला त्या ठिकाणी मिळत नाही. तेथे सामाईक बिंदू दिला, तर यंत्र गाडीला पुलावरून खाली उडी मारायला सांगेल! अशा जागी बिंदू न जोडता वरच्या रस्त्याला 'पूल' व वरचा थर अशा चिठ्ठ्या लावतात.

आता या चुका जाणत्या स्वयंसेवकाच्या नजरेस आल्या. त्याने काय करावे? तो दोन प्रकारे लिहू शकतो. पहिला प्रकार :

"तुमची नोंद चुकीची आहे. काढून टाकली आहे. आधी नियम वाचा."

दुसरा प्रकार :

"नमस्कार. या भागातली ही पहिलीच गल्ली तुम्ही भरलीत, फार बरे झाले. एक गोष्ट राहिली आहे. गल्लीचे टोक मुख्य रस्त्याच्या रेषेवर नेऊन ठेवा, म्हणजे दोन्ही जोडले जातील आणि गाड्यांना वाट सापडेल. जमले नाही तर कळवा, आपण मिळून करू. पलीकडच्या गल्लीचे नाव तुम्हाला माहीत आहे का?"

दोन्ही पत्रांत चूक दाखवली आहे. पण पहिल्या पत्राने गल्ली गेली आणि तिला ओळखणारी विद्यार्थिनीही गेली. दुसऱ्या पत्राने गल्ली जोडली गेली आणि पुढची गल्लीही येण्याची शक्यता निर्माण झाली. दुसऱ्या पत्रात चार गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवा : काय बरोबर झाले ते सांगितले, एकच चूक घेतली, तिचे कारण सांगितले, आणि दुरुस्ती स्वतः न करता तिच्या हाती ठेवली. शेवटचा प्रश्न तर फार मोलाचा. ज्या गोष्टीत नवखा आपल्यापेक्षा जाणता आहे, ती त्याला विचारली.

खुल्या नकाशात यासाठी सोयी आहेत. प्रत्येक बदलाच्या गठ्ठ्याखाली इतरांना टिपण लिहिता येते. नवखा स्वतःही "माझे काम कोणीतरी तपासा" अशी खूण करू शकतो. बेल्जियममधले स्वयंसेवक तर आपल्या देशात नव्याने नोंद करणाऱ्यांना स्वागताचे पत्र पाठवतात. नोंद मुद्दाम बिघडवलेली असेल, तर ती परत फिरवावीच लागते. पण बहुतेक चुका न कळल्यामुळे होतात, हे आधी मनात धरावे.

नव्या सोबत्यासाठी काही नियम

१. सुरुवात एकाच गल्लीपासून करा. पाहिले तेच भरा. ऐकीव गोष्ट जाऊन पहा.

२. दुसऱ्या कोणाच्या नकाशातून उतरवून घेऊ नका. तो त्या मालकाचा असतो.

३. घर दाखवा, पण घरात कोण राहतो त्याचे नाव किंवा फोन लिहू नका.

४. कारखान्याच्या आवारात शिरू नका. देहूरोडसारख्या भागातील संरक्षण खात्याच्या आवारांपासून दूर रहा. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भारतीयांना नकाशे करण्याची बरीच मोकळीक दिली, तरी संवेदनशील जागांबाबत बंधने आहेत.

५. नाशिक व तळेगाव रस्त्यांवर अवजड वाहने सतत असतात. मोजणी वस्तीतच करा, दोघांनी मिळून आणि दिवसाउजेडी.

करून पहा

(अ) शाळेच्या मैदानावर दहा मीटर अंतर टेपने मोजा. नेहमीच्या चालीने ते किती पावलांत संपते ते तीन वेळा मोजून सरासरी काढा. आता तुमच्या गल्लीची लांबी पावलांवरून काढा.

(आ) शाळेच्या फाटकापाशी उभे राहून पाच दिवस अक्षांश व रेखांश टिपा. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अक्षांशातला फरक मीटरमध्ये काढा. तुमच्या फोनवर किती विश्वास टाकावा, ते कळेल.

(इ) वर्गात या वर्षी नव्याने आलेल्या मुलामुलींना विचारा : पहिल्या आठवड्यात तुम्ही वाट कोठे चुकलात? त्या जागांची यादी फळ्यावर लिहा.

शिक्षकांना एक विनंती. तिसरा प्रयोग प्रथम घ्यावा. नकाशात आधी काय भरायला हवे, ते या यादीवरून ठरेल. आणि जो विद्यार्थी काल वर्गात परका होता, त्याला आपल्या माहितीची इतरांना गरज आहे, हे पहिल्याच दिवशी कळेल.