मन तयार व्हायची वाट बघू नकोस

अगं, परवा तू म्हणालीस ना, "ताई, बरं व्हायचंय, पण खरंच व्हायचंय का तेच कळत नाही," ते ऐकून मला बरंच वाटलं. खाण्याच्या या आजारात बहुतेक जणींचं असंच असतं. एक मन सुटायला बघतं, दुसरं घट्ट धरून बसतं. म्हणून तू नाटकी ठरत नाहीस की हट्टीही.

आणि धरून बसायला कारणंही आहेत की! आपल्या घरांत न खाण्याला निमित्त शोधावं लागतच नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. उपवास करणाऱ्या पोरीचं कौतुकच होतं. त्यात मावशी म्हणणार, "किती छान बारीक झालीस, आता स्थळं बघायला हरकत नाही." (या मावशांना कुणीतरी आवरा.) जेवण टाळलं की परीक्षेची धास्ती बधिर होते, उलटी काढली की घटकाभर हलकं वाटतं. राजकुमारी डायनानेही १९९५ साली बीबीसीच्या मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल सांगितलं होतं, की त्यातून तात्पुरता आधार मिळायचा. तो तात्पुरताच होता, पण मिळायचा, हे तिने लपवलं नाही.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाशी संबंधित जेनेट ट्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना आजारालाच दोन पत्रं लिहायला सांगितली होती. एक त्याला मैत्रीण समजून, दुसरं वैरीण समजून. तूही लिही. आधी मैत्रिणीचं, आणि त्यात खोटं काही नको. तिने काय दिलं ते सगळं मांड. मग दुसऱ्यात तिने काय नेलं ते लिही, पण "आईला वाईट वाटतं" इथून सुरुवात नको. दुसऱ्यासाठी बरं होणं फार दिवस टिकत नाही गं. तुझं स्वतःचं लिही: पाळी गेली, केसांचे पुंजके हातात येतात, मिरजेच्या एप्रिलातसुद्धा थंडी वाजते, लग्नाच्या पंगतीत बसायची वेळ आली की पोटात गोळा येतो. कुणाच्या लग्नाला गेलीस तर ताट कसं चुकवायचं याच विचारात अख्खा दिवस जातो, हेही लिही.

पण पत्रं लिहूनही उत्साह आला नाही तर? तर ऐक. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. स्वेच्छेने आलेली मंडळी होती, कुणाला खाण्याचा आजार नव्हता. तरी ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, त्यांना थंडी वाजू लागली. ओळखीचं वाटतंय ना? यातलं कितीतरी तुझ्या स्वभावातलं नाहीच, उपाशी मेंदूतलं आहे. त्यामुळे आधी इच्छा आणि मग जेवण असा क्रम धरलास तर बसून राहशील. आधी जेवण. मनात कुरबुर चालू असली तरी ठरलेल्या वेळी, कुणासोबत तरी बसून. इच्छा मागून येते, तीही रखडत. त्या तरुणांनाही पोटभर मिळू लागल्यावर लगेच हसू फुटलं नव्हतं, सावरायला महिने गेले.

हे एकटीने मात्र करू नकोस. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरून जीवावर बेतू शकतं. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम कमी होतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. चक्कर आली, छातीत धडधडलं, तर मनाचा कौल घेत बसायचं नाही, तडक दवाखाना.

तुझी अडचण मला माहीत आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ मध्ये डॉ. वानलेसांनी सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथे येतात आणि इथल्याच पोरीला मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बसायचा संकोच, कारण बाकावर कुणीतरी ओळखीचं भेटणारच. भेटू दे. तेही तिथे काही फिरायला आलेले नसतात. आणि डॉक्टरांसमोर "मला बरं व्हायचंय" असं ठासून सांगायची गरज नाही. "अर्धं मन आहे" एवढं सांग. त्या अर्ध्या मनाशी बोलणं हाही उपचारच असतो.

तेवढंही आज जमत नसेल तर १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री आईला नाही तर मला फोन कर, आपण दोघी आपापलं ताट घेऊन बसू.